सवण्यावरची काच आणि पिवळे कोंब

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका घरात चला. दार ठेंगणं आहे, तेव्हा मान वाकवून आत या. भिंती हातभर जाड आहेत, पांढऱ्या मातीच्या. खिडकी एकही नाही. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत पाऊल टाकल्यावर थोडा वेळ काहीच दिसत नाही. उतरंड कुठे आणि जातं कुठे हे हातानं चाचपून कळतं. आता मान वर करा. लाकडाच्या तुळया आहेत, त्यांवर मातीचा जाड थर आहे. याला माळवद म्हणतात. माळवदाच्या मधोमध सुपाएवढं एक भोक आहे, आणि त्यातून उन्हाची एक तिरीप थेट जमिनीवर उतरली आहे. धाराशिवकडच्या जुन्या घरांत उजेड यायची ही एवढीच वाट असायची. तिला सवणं म्हणत.

त्या सवण्यावर बसवलेली, एका कोपऱ्याला टवका गेलेली काच म्हणजे मी.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू, चुना आणि खार यांचा तिथे रस झाला, रसाची पाटी झाली, आणि पेंढ्यात गुंडाळून मला मालगाडीनं सोलापूरला आणलं. एका दुकानाच्या कपाटाला मी बसणार होते. हमालाच्या हातून निसटले, कोपरा उडाला, आणि दुकानदारानं मला मागच्या खोलीत भिंतीशी उभं करून ठेवलं. तिथून मला बाबामियाँनी उचललं. हे तुळजापूरचे बांगड्यांचे आणि कंदिलाच्या काचांचे फिरते व्यापारी. टोपलीत बांगड्यांच्या मधे मला निजवून ते तुळजापूरच्या खालच्या अंगाला असलेल्या एका लहान गावी आले आणि महांतप्पांच्या दारात टोपली उतरवली.

माझ्या आधी त्या सवण्यावर पावसाळ्यात दगडी फरशी ओढत. पाणी थांबे, पण उजेडही थांबे. घरची सून शिवम्मा चार महिने दारात बसून धान्य निवडत असे.

बाबामियाँनी मला उन्हात धरलं आणि म्हणाले, "शिवम्मा बहन, पाऊस बाहेर, उजेड आत. असली चीज एक निजामाच्या महालात हाय, न् आता तुमच्या घरात."

ओट्यावरून म्हातारे महांतप्पा म्हणाले, "निजामाचा महाल बघितलास व्हय रं तू?"

"न्हाय बघितला, काका. बघितला असता तर तुमच्या दारात बांगड्या विकत बसलो असतो काय?"

म्हातारा हसला, आणि मी माळवदावर चढले.

पहिले काही दिवस माझा मोठा थाट होता. शेजारच्या बायका येऊन खाली उभ्या राहत आणि वर बघत. शिवम्माची लेक, महांतप्पांची नात शरणम्मा रोज शिडीनं वर येई आणि ओल्या फडक्यानं मला पुसून काढी. तिला सगळे शरणी म्हणत. दहा वर्षांची, बारीक अंगाची पोर, पण प्रश्न विचारायला लागली की मोठी माणसं उठून जात. बाप ईरण्णा सोलापूरला गिरणीत होता, म्हणून तिचे सगळे प्रश्न आज्जाच्या वाट्याला येत.

मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटे. एवढा मोठा सूर्य, आणि त्याचा उजेड माझ्या अंगातून घरात उतरतो, ही काही लहान गोष्ट नव्हती. पण एक सांगते. दिवसभर एवढं ऊन माझ्यातून जाई आणि संध्याकाळी माझ्यापाशी काहीच उरत नसे. हात लावलात तर थोडी ऊब लागली असती, तीही अंधार पडल्यावर निघून जाई. उजेड धरून ठेवता येतो, त्याची साठवण करता येते, हे मला माहीतच नव्हतं. ते मला एका नवरात्रात कळलं.

लढाईचे दिवस होते, दुसऱ्या महायुद्धाचे. लेव्हीत, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या वसुलीत, घरोघरचं धान्य उचललं गेलं होतं. महांतप्पांच्या घरात पेरायला म्हणून शिवम्मानं राखेत घोळून ठेवलेलं ज्वारीचं एक गाठोडं राहिलं होतं. त्यांच्या रानाला तेवढंच बी पुरत होतं, आणि त्यातून जे पिकेल त्यावर घराची वर्षाची भाकरी होती. मागल्या साली पीक कमी आलं होतं, म्हणून म्हाताऱ्याच्या मनात शंका शिरली की घरचं बी थकलं.

तेवढ्यात तुळजापूरचा अडत्या शांतलिंग येऊन गेला. त्याच्याकडे लांबून आणलेली ज्वारी होती, दाणा टपोरा आणि मोत्यासारखा पांढरा. तो म्हणाला, "मापाला माप घ्या. तुमचं बी मला द्या, माझं तुमी पेरा. तुमचं मी दळायच्या धान्यात घालीन." त्यानं मूठभर नमुना ठेवला आणि दसऱ्याला गाडी घेऊन येतो म्हणाला.

महांतप्पा म्हणाले, "देवीला इचारतो. ती ज्येला उचलंल ते पेरायचं. माझी जबान."

देवीला विचारायची त्या घरची रीत अशी. नवरात्रात घट बसतात. पत्रावळीवर रानातली काळी माती पसरून तीत धान्य पेरतात, मधे पाण्याचा घट ठेवतात, वर रोज फुलांची एक माळ चढते. नऊ दिवसांत धान्य उगवून येतं, आणि जे जोमानं येईल ते हस्ताचा पाऊस सरल्यावर रानात पेरायचं. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी असंच बी पारखत आले. रीत शहाणपणाचीच होती. कुणी म्हटलं असतं, निम्मं हे पेरा, निम्मं ते पेरा. पण देवीनं एकाला उचललं की दुसऱ्याला रानात जागा नाही, असा त्या घरचा रिवाज होता.

त्या वर्षी एकाऐवजी दोन पत्रावळी झाल्या आणि तिथेच गोष्ट बिघडली. देवघर म्हणजे भिंतीतला एक खोल, अंधारा कोनाडा. त्यात एकच पत्रावळ मावत होती. शिवम्मा सासऱ्याला म्हणाली, "मामा, कुठलं आत ठेवू?"

"बाजारचं आत ठेव. पाव्हणं हाय ते. त्येला देवीपाशी बसव. आपलं घरचं हाय, कुठंबी बसंल."

म्हणून शांतलिंगचं बी कोनाड्यात गेलं आणि घरचं बी खांबाशी, माझ्या बरोबर खाली, पाटावर बसलं. पाहुण्याला मानाची जागा द्यावी, घरच्यानं बाहेर बसावं. इतक्या चांगल्या मनानं केलेली चूक मी दुसरी पाहिली नाही.

चौथ्या दिवसापासून फरक दिसू लागला. कोनाड्यातले कोंब सरसर वर निघाले, हळदीसारखे पिवळे, नाजूक, लांबच लांब. माझ्याखालचे कोंब मात्र ठेंगणे राहिले. रंगानं हिरवे, बुंध्याला जाड, पण बोटाच्या दोन पेरांएवढेच. दर्शनाला येणाऱ्या बायका कोनाड्यापुढे हात जोडून म्हणत, "काय सोनं उगवलंय, बाई." पाटावरच्या घटाकडे कुणी वळून बघत नसे. आमच्याकडे पिवळे कोंब शुभ मानतात. दसऱ्याला पुरुष ते पागोट्यात खोवतात, बाया वेणीत माळतात. महांतप्पांच्या मनात निकाल लागला होता.

पाचव्या माळेच्या दिवशी शरणी पाटावरच्या घटाला पाणी घालायला बसली आणि बराच वेळ उठेनाच.

"आज्जा, इकडं या की."

"काय झालं? घट हलिवलास काय?"

"न्हाय हो. ह्ये बघा. ह्या कडंचे कोंब पिवळे हाईत. न् उंच बी हाईत."

म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं. खरंच होतं. पत्रावळीची एक कड खांबाला टेकली होती. माझ्यातून उतरलेलं ऊन दिवसभर सरकत जाई, पण खांबाच्या सावलीतल्या त्या चिमटीभर जागेवर ते कधीच पडत नसे. तिथलं बी घरचंच, माती तीच, पाणी तेच. तरी तिथले कोंब उंच आणि पिवळे होते.

"आसंल चार दाणं बाजारचं. मिसळलं आसतील."

"न्हाय मिसळलं. अव्वानं माझ्याम्होरं पेरलंय. आज्जा, मला वाटतंय की बियाचा दोष न्हाय. अंधाराचा हाय."

"अंधारात कुणी उंच हुतंय व्हय? मग तुला उद्यापास्नं धान्याच्या अंधाऱ्या बळदातच निजवतो. लवकर लगीन हुईल."

शिवम्मा चुलीपाशी हसली. शरणी हसली नाही. ती म्हणाली, "परसात पाटी पालथी पडल्याली हाय न्हवं, तिच्याखालचं गवत बी असंच हाय, पिवळं न् लांब. म्या काल बैलाला घातलं. त्यानं हुंगलं न् सोडून दिलं."

"बैलाला काय कळतंय?"

"तुमीच म्हणता की, माणसापरीस बैलाला जास्ती कळतंय."

महांतप्पांचा आवाज चढला. "शरणे, ह्यो देवीचा कौल हाय. उगं मधी तोंड घालू नगंस. घटाला हात लावलास तर बघ."

तिनं घटाला हात लावला नाही, पण गप्पही बसली नाही. घरचं बी एकदा शांतलिंगच्या गाडीत चढलं की ते गिरणीत जाणार आणि पीठ होणार, मग रानात जे उगवेल ते उगवेल, हे तिला चांगलं कळत होतं. तिनं आईच्या पदराला धरून विचारलं, "अव्वा, दोनी बियाचं चिमूट चिमूट देतीस?"

"कशाला गं?"

"बघाया."

शिवम्मानं सासऱ्याकडे एकदा पाहिलं, मग दोन्ही चिमटी तिच्या ओंजळीत टाकल्या. ते गाठोडं तिनंच जपलं होतं, मित्रांनो. चांगली कणसं निवडून, उन्हात वाळवून, राखेत घोळून. ती बोलत नसे, पण तिलाही ते जायला नको होतं.

शरणीनं फुटक्या रांजणाची दोन खापरं घेतली. बी भिजवलं. प्रत्येक खापरात माती भरून एका अंगाला घरचं बी पेरलं, दुसऱ्या अंगाला बाजारचं, आणि विसरू नये म्हणून घरच्या बाजूला मातीत एक चिंचोका खोचला. एक खापर तिनं उतरंडीच्या मागे पार अंधारात ठेवलं. दुसरं घेऊन शिडीनं वर आली आणि माळवदावर माझ्या शेजारी मांडलं. चिमण्यांनी टिपू नये म्हणून वर बाभळीची काटेरी डहाळी टाकली. दोन्हीकडे सारखंच पाणी घालायची. बी बदलायचं नाही, माती बदलायची नाही, पाणी बदलायचं नाही, बदलायचा फक्त उजेड. असं करून पाहण्याला काय म्हणतात हे तिला माहीत नव्हतं, पण खरं शोधायचा यापेक्षा चांगला रस्ता आजवर कुणालाही सापडलेला नाही.

दसऱ्याची सकाळ उजाडली. शांतलिंगची गाडी दारात आली. बियाचं गाठोडं उंबऱ्याशी आणून ठेवलं होतं. महांतप्पा घट उठवायच्या तयारीत अंघोळ करून आले, तर पाहतात काय, शरणी त्या गाठोड्यावर मांडी घालून बसलेली, मांडीवर दोन खापरं.

"ऊठ."

"उठते, आज्जा. आदी ह्ये बघा."

"बघायचं ते बघून झालंय. ऊठ म्हणतो ना."

शांतलिंग दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "काका, पोर बसलीया तर बघून घ्या. न्हाईतर मला पोरीसकट गाठुडं न्यावं लागंल."

म्हातारा खाली बसला. पहिल्यांदा उतरंडीमागचं खापर हातात घेतलं. त्यात दोन्ही अंगांचे कोंब पिवळे होते, दोन्ही उंच, दोन्ही लुकडे.

"ह्यात घरचं कुठलं?" त्यानं विचारलं.

"तुमीच वळखा," शरणी म्हणाली. चिंचोका तिनं आधीच काढून घेतला होता.

आयुष्य ज्वारीत गेलेल्या माणसानं खापर फिरवून फिरवून पाहिलं. उंचीवरून ओळखू येईना. मग माळवदावरचं खापर घेतलं. त्यात दोन्ही अंगं हिरवीगार, दोन्ही ठेंगणी. घरचं बी अंधारात ठेवलं तर पिवळं होतं आणि बाजारचं उजेडात ठेवलं तर हिरवं होतं, हे समोर दिसत होतं. देवीनं पाहुण्याला उचललं नव्हतं. अंधारानं त्याला ताणलं होतं.

म्हाताऱ्याचा अंगठा मात्र थांबला नाही. तो कोंबांच्या बुडाशी मातीवरून फिरत राहिला. एका अंगाला दाण्याला दाणा उगवला होता, बोट शिरायला जागा नव्हती. दुसऱ्या अंगाला मधे मधे मोकळी माती होती, म्हाताऱ्याच्या तोंडात दात पडावेत तशी. त्यानं पहिलं खापर पुन्हा ओढून घेतलं. तिथेही तसंच. मग कोनाड्यापाशी जाऊन त्यानं घटाची उंच, पिवळी गर्दी बोटानं बाजूला केली आणि खाली पाहिलं. उंच कोंबांच्या आड तिथेही मोकळ्या जागा लपल्या होत्या.

"हे दाट हाय ते आपलं," तो म्हणाला.

"व्हय," शरणी म्हणाली आणि मूठ उघडून चिंचोका दाखवला.

मग म्हातारा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "माझ्या बापानं शिकिवलं हुतं, बी बघताना उगवण बघायची. म्या उंची बघत बसलो." मग तो अडत्याकडे वळला. "शांतलिंगा, तुला जबान दिली हुती."

"दिली हुती, काका."

"ती मोडतो. घरचंच बी पेरणार. काय बोलायचं ते बोल."

शांतलिंगनं खापर हातात घेऊन आपल्या बियाच्या मोकळ्या जागांकडे पाहिलं. तो काही लबाड माणूस नव्हता. त्यालाही दाणा टपोरा दिसला म्हणून त्यानं घेतला होता. "बोलू काय? माझ्या बियाचे दात पडल्यालं मलाच ठावं न्हवतं. आता हे मी दळायच्या पोत्यात घालतो. पोरी, ऊठ आता. गाठुड्याला बाक आला."

महांतप्पांनी घट उठवला. पिवळे कोंब देवीला वाहिले. मग पाटावरच्या घटातले ठेंगणे, हिरवे कोंब उपटून त्यांनी आपल्या पागोट्यात खोवले.

गोष्ट इथे जरा थांबवते, मित्रांनो, कारण अंधारातला कोंब उंच का झाला, हे तुम्हाला सांगायलाच हवं. मला ते नंतर कळलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, गावात मराठी शाळा उघडली, आणि कोंदट खोलीला खिडकी हवी म्हणून गावकऱ्यांनी मला सवण्यावरून काढून शाळेच्या भिंतीत बसवलं. तिथे एका गुरुजींनी फळ्यावर पान काढून जे सांगितलं ते मी शब्दन्‌शब्द ऐकलं.

बी म्हणजे शिदोरी बांधून निघालेला वाटसरू. आईच्या ताटानं, म्हणजे ज्वारीच्या धाटानं, दाण्यात पिठाचा साठा भरून दिलेला असतो. कोंब मातीतून निघतो तो त्या शिदोरीवर. अंधारात तो सापडला तर त्याला एकच ध्यास लागतो, उजेड गाठायचा. मग तो सगळी शिदोरी लांब होण्यात घालवतो. जाड होत नाही, हिरवा होत नाही, नुसता धावत सुटतो. उजेड मिळाला तर तरला. नाही मिळाला तर शिदोरी संपते आणि तो मान टाकतो. त्या पिवळ्या उंचीत जोम नव्हता, उपासमारीची धावपळ होती.

उजेडात निघालेल्या कोंबाला धावायचं कारणच नसतं. तो तिथेच थांबतो आणि स्वतःची चूल मांडतो. ती चूल म्हणजे पान. पानात हिरव्या रंगाचं एक द्रव्य असतं, त्याला हरितद्रव्य म्हणतात. ज्वारीच्या कोंबात ते उजेडाशिवाय तयार होत नाही, म्हणून अंधारातला कोंब पिवळा राहतो. मुळं मातीतून पाणी वर पाठवतात. पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात, त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू आत येतो. पाणी आणि वायू नुसते एकत्र ठेवून काही होत नाही. त्यांना जोडायला जोर लागतो, आणि तो जोर सूर्याचा असतो. हरितद्रव्य उन्हाचा जोर पकडतं, पाण्याचे कण फोडतं, आणि त्या जोरावर पाण्यातला हायड्रोजन त्या वायूशी सांधून साखर तयार होते. उरलेला प्राणवायू पान बाहेर सोडून देतं. तो तुम्ही श्वासानं आत घेता. या सगळ्या कामाला प्रकाशसंश्लेषण असं मोठं नाव आहे. नाव मोठं असलं तरी काम स्वयंपाकाचंच.

मला सगळ्यात नवल कशाचं वाटलं, सांगू? उजेड माझ्यातून आरपार जातो, पण पान त्याला जाऊ देत नाही. ते त्याला साखरेत बांधून ठेवतं. साखरेचं पीठ होतं, पीठ कणसात जाऊन दाण्यात भरतं, दाण्याची भाकरी होते. तुम्ही भाकरी खाऊन माळावर पळता, तेव्हा त्या पळण्यात महिन्यांपूर्वी एखाद्या पानानं पकडलेलं ऊन असतं. माझ्यासारख्या काचेला हे जन्मात जमायचं नाही. ठेंगण्या कोंबाला मात्र ते तिसऱ्या दिवशी जमतं.

आता मी जुनी झाले आहे. शाळेला मोठ्या खिडक्या आल्या तेव्हा मला काढून अडगळीत उभं केलं. अंगावर धुळीची साय आहे, टवक्यापासून एक तडाही गेला आहे. तक्रार नाही. पण एक मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत जिथे काच असेल ती पुसत जा. उजेडाच्या वाटेत धूळ साचू देऊ नका. अंगणातल्या रोपांच्या पानांवर धुरळा बसला असेल तर पाण्याचा हबका मारा, झाडाची चूल धुतल्यासारखं होईल. रोप एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात शोभेसाठी ठेवलं असेल तर त्याला उचलून उजेडात न्या. आणि कुणी भराभर उंच होताना दिसलं तर लगेच टाळ्या वाजवू नका. आधी बघा, त्याच्या वाट्याला ऊन येतंय की नाही.

आता त्या दसऱ्याकडे परत चला. दुपारी गावचे पुरुष सोनं लुटायला शिवेकडे निघाले, तेव्हा महांतप्पांच्या दारात सगळे थबकले. प्रत्येकाच्या पागोट्यात पिवळे तुरे होते, एकट्या म्हाताऱ्याच्या पागोट्यात हिरवे.

शेजारचा मल्लिनाथ म्हणाला, "काय हो महांतप्पा, देवीचं सोनं कुठं गेलं? बांधावरचं गवत खोवलंय काय?"

"गवत न्हवं. ह्या साली पेरायचं बी हाय ते."

"एवढं बुटकं? अन् पिवळ्याचं काय झालं?"

"ते माझ्या नातीला इचारा. म्या आज सकाळीच शिकलो."

माणसं हसत हसत घरात शिरली. पागोटी, काठ्या, धोतरं यांची माझ्याखाली दाटी झाली. "सांग बघू शरणम्मा," कुणीतरी म्हणालं, "पिवळ्यात काय खोट हाय?"

शरणी गोंधळली नाही. उजेडात पान काय करतं हे तिला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं सांगायचा तिचा स्वभाव नव्हता. ती म्हणाली, "मला बी अजून सगळं कळलं न्हाय. बघाया पायजे." उतरंडीमागचं खापर तिनं दोन्ही हातांनी उचललं. त्यातले पिवळे कोंब वाकले होते, पण अजून जिवंत होते. माणसांच्या मधून वाट काढत तिनं ते बरोबर माझ्याखाली आणून ठेवलं, उकिडवी बसली, आणि वर मान करून गावातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना म्हणाली,

"जरा सरका की. तुमची सावली पडतीया."

आणि ते सरकले.